चंद्रावर अकरा टक्के

दगड लहान होता. मालट्रकएवढा, फार तर दोन ट्रकांएवढा. तो चंद्रावर आदळेल अशी शक्यता गुरुवारी, घटस्थापनेच्या दिवशी, दोन टक्के होती. शुक्रवारी पाच. शनिवारी दुपारी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत डबा उघडत होते, तेव्हा मधुसूदन सरांचा फोन आला.

"आभा, बसली आहेस ना?"

"हो सर."

"अकरा."

मी पोळीचा तुकडा पुन्हा डब्यात ठेवला. हजारात एक, लाखात एक ही आमची नेहमीची भाषा. अकरा टक्के मी कधी ऐकले नव्हते.

मधुसूदन सर अमरावतीचे, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. विदर्भातल्या आम्हा सात-आठ हौशी लोकांचा गट त्यांनी जमवला होता. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींनी टिपलेली चित्रं आम्हाला इंटरनेटवरून मिळत. एकाच आभाळाची, थोड्या थोड्या वेळाने घेतलेली चित्रं एकामागून एक बघायची. तारे जागेवर राहतात, एखादा ठिपका सरकतो. त्या ठिपक्याची जागा मोजून पाठवायची. मापं वाढतील तशी त्याची वाट पक्की होत जाते. हा ठिपका मी बुधवारी घाटंजीत, याच टेबलावर मोजला होता. तेव्हा तो मला इतर ठिपक्यांसारखाच वाटला होता.

"आदळला तर उद्या संध्याकाळी," सर म्हणाले. "सूर्य मावळल्यावर तासा-दीड तासात. चंद्रकोरीच्या काळ्या बाजूवर. सेकंदभर चमकेल, मग काही नाही. मोठ्या वेधशाळांकडे तेव्हा एक तर दिवस आहे, नाही तर चंद्र बुडालेला. इथे अमरावतीला ढग आहेत, नागपुरात पाऊस. तुमच्याकडे?"

मी खिडकीतून पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं होतं.

"मग तुम्ही दोघंच," सर म्हणाले. "एकट्याने पाहिलेलं कोणी मानत नाही. दोन दुर्बिणी, दोन माणसं. आणि अवधूतचा डोळा हवाच."

पुढे जे झालं ते अवधूतच्या जिवावर बेतलं, म्हणून त्याच्याबद्दल आधी सांगते. यवतमाळला बी.एस्सी.ला तो माझ्या वर्गात होता. गुण नेहमी माझ्यापेक्षा जास्त. मी नोकरीसाठी घाटंजीत आले आणि तो शेतीसाठी घाटंजीजवळच्या आपल्या गावी परतला. आमच्या गटात सगळ्यांत बारीक नजर त्याची. कृत्तिकांमध्ये मला सहा तारे दिसत, तो नऊ मोजून दाखवायचा आणि मला खरं वाटत नसे, मग नकाशा काढून तपासायचो, तर नऊच निघायचे.

शनिवारी संध्याकाळी मी माझी दुर्बीण त्याच्या वावरात नेऊन ठेवली. त्याची बायको कोकिळा हिने चहा केला. त्याचे वडील मारोतराव बाजेवर बसून आमचं बोलणं ऐकत होते.

"बाई, मले एक सांगा," ते म्हणाले. "परवा दोन होते, आज अकरा झाले. उद्या पन्नास होतीन. म्हणजे आपटतेच ना थो?"

"तसं नाही, काका," मी म्हणाले. "आकडा वाढत वाढत जातो आणि एकदम शून्यही होतो."

"हे तं भावासारखंच झालं कापसाच्या."

अवधूत हसला. "बाबा, आपला बैल सुटला होता, आठवते? पहिले तुमी म्हणे, साऱ्या शिवारात कुठीई असन. मंग नाल्याच्या पल्याड नाई सापडला. मंग टेकडीवर नाई सापडला. जशी जशी जागा कमी झाली, तसं तुमी म्हणत गेले, विहिरीतच पडला. सापडला कुठी?"

"भीमसिंगाच्या तुरीत."

"मंग? तोवर विहीर वाढतच होती ना तुमची?"

"म्हणजे सापडेपर्यंत विहिरीतच पडला म्हणून रडाचं," मारोतराव म्हणाले. "भल्ली शाळा शिकले बावा तुमी दोघं."

कोकिळा पदर तोंडाला लावून हसली. मग नवऱ्याला म्हणाली, "चंद्राचं झालं असन तं आपल्या पऱ्हाटीचं पाहा. बोंडात गुलाबी अळी घुसली. उद्या फवारा माराचा हाय."

"उद्या मारतो ना. संध्याकाळच्या पहिले उरकतो."

मी ते ऐकलं. सतरा सालचं ते नवरात्र. पाऊस मध्ये मध्ये थांबून पडल्याने त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, फवारा तोंडाशीच उडायचा. फवारणीतून माणसं आजारी पडल्याच्या एक-दोन बातम्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर मी वाचल्याही होत्या. तरी ते वाक्य माझ्या कानाला नेहमीचंच वाटलं.

रविवारी मी दिवस कलायच्या आधीच पोहोचले. दोन्ही दुर्बिणी बांधावर लावल्या. रेकॉर्डर तपासला. ठिणगी दिसली की 'आता' म्हणायचं, बाकी काही बोलायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं. अवधूत पऱ्हाटीतून बाहेर आला तेव्हा पाठीवर पंप होता आणि सदरा अंगाला चिकटला होता. त्याने पंप उतरवला, विहिरीवर हातपाय धुतले आणि त्याच सदऱ्यात माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"आज लवकर अंधार पडला, नाई?" तो म्हणाला.

सूर्य अजून बोटभर वर होता. मला वाटलं, पश्चिमेला ढग आले. वळून पाहिलं. ढग नव्हते.

"नाही रे. अजून मावळायचाय."

"मले मंदच वाटून राह्यलं." तो बाजूला जाऊन थुंकला. पुन्हा थुंकला.

"तंबाखूचा खर्रा खाऊन आले वाटते," कोकिळा खाटेवरून म्हणाली. "सोडला म्हणते मले. देवीपुढे शपथ घेतली थ्यानं, ताई, घट बसला त्या दिवशी."

"नाई खाल्ला वो. तोंडाले पाणीच सुटून राह्यलं."

"पाणी कायचं सुटते? आज उपासाची भगर हाय घरी."

आम्ही हसलो. तोही हसला आणि बाहीने नाक पुसलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण उकाडाही होताच.

सूर्य मावळला. कोर स्पष्ट झाली. मी माझ्या दुर्बिणीला डोळा लावला. उजळ कोरीच्या पुढे चंद्राचा उरलेला भाग राखाडी दिसत होता. पृथ्वीवरून परतलेला उजेड तिथे पडतो, म्हणून काळी बाजू अगदी काळी नसते. तिच्यावरचे डाग ओळखू येतात. दगड पडलाच तर तिथेच, वरच्या कडेजवळ. अकरा टक्के. सरांचा संदेश आला होता की दुपारच्या मापांनंतर आता चौदा.

"अवधूत, वरची कड सापडली?"

"कोर दिसते. मिणमिण करून राह्यली. काळी बाजू तं नाईच."

"नाहीच म्हणजे?"

"नाईच. थ्या जागी आभाळच हाय."

मी त्याच्या दुर्बिणीतून पाहिलं. काळी बाजू स्वच्छ दिसत होती. मी नेत्रिका बदलली, पुसली, पुन्हा रोखली.

"आता बघ."

"तसंच."

"दव आलं असेल."

"दव कुठचं येते आता? माह्या डोक्याची शीर उडून राह्यली, थांब जरा."

दुर्बिणीवाल्या लोकांची एक खोड असते. काही दिसलं नाही की आम्ही आधी काचेला दोष देतो, मग स्क्रूला, मग हवेला. मी तिन्ही केलं. वेळ जात होता. शेवटी मी म्हणाले, "तू माझ्या दुर्बिणीवर ये, मी तुझ्या." आम्ही जागा बदलल्या. मला त्याच्या दुर्बिणीत सगळं दिसलं. त्याला माझ्या दुर्बिणीत काही दिसलं नाही.

दोष दुर्बिणीबरोबर गेला नव्हता. अवधूतबरोबर गेला होता.

हे मला प्रयोगाच्या निष्कर्षासारखं सुचलं. अंधारात माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते. आमचं सगळं काम त्या उघडण्यावर चालतं. मी लाल कागद लावलेला टॉर्च काढला, त्याची हनुवटी धरली आणि बाजूने उजेड टाकला.

त्याच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या होत्या. दोन्ही. अर्धा तास अंधारात उभ्या असलेल्या माणसाच्या.

"काय झालं?" तो म्हणाला. त्याची पापणी आपोआप फडफडत होती.

"कोकिळा," मी म्हणाले, "याने आज काय मारलं?"

ती जवळ आली. माझ्या आवाजानेच बहुतेक तिला कळलं. "दोन औषधं एकात केले. दुकानवाल्यानं सांगतलं, एकानं मरत नाई अळी."

"तोंडाला काही बांधलं होतं?"

"दुपट्टा होता. घामानं भिजला तं काढून टाकला म्हणे."

अवधूत वाकला आणि ओकला. उठायला गेला तेव्हा त्याचे पाय थरथरत होते. मला पुढचं काही सुचेना. कोकिळेला सुचलं. तिने त्याचा सदरा टराटर फाडून काढला, विहिरीवर नेऊन साबणाने त्याचं अंग, केस, कान घासले, आणि घासता घासता ओरडली, "बाबा, भीमसिंगाले आवाज द्या! गाडी काढाले सांगा! अन् थ्या दोन्ही बाटल्या आणा इकडे!"

मारोतराव धावले. त्या वयाच्या माणसाला असं धावताना मी पाहिलं नव्हतं.

भीमसिंगाची काळीपिवळी जीप होती, घाटंजी ते यवतमाळ सवाऱ्या नेणारी. मागच्या बाकावर आम्ही अवधूतला कुशीवर आडवं केलं. त्याच्या तोंडातून सारखी लाळ येत होती आणि श्वासात घरघर होती. कोकिळा लाळ पुसत होती. घाटंजीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे पाहिले, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, थांबू नका, यवतमाळला न्या.

रस्त्यात फोन वाजला.

"आभा, वेळ झाली! काही दिसलं?" सरांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"सर, अवधूतला विष चढलंय. फवारणीचं."

मग सर म्हणाले, "फोन ठेव." आणि त्यांनीच ठेवला.

चंद्र जीपच्या डाव्या खिडकीत असणार होता. मी अवधूतच्या छातीकडे बघत होते. ती वर जायची, आणि पुन्हा वर जाईपर्यंत मी थांबायचे.

"ताई," कोकिळा म्हणाली, "किती टक्के?"

ती थट्टा करत नव्हती. मला जे येतं ते ती मला विचारत होती.

"मला नाही सांगता येत गं," मी म्हणाले.

यवतमाळच्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही स्ट्रेचर ढकलत आत शिरलो. मी काय सांगायचं ते मनात जुळवत होते. कधी, किती वेळ, कोणतं औषध. एक तरुण डॉक्टरीणबाई समोर आल्या, माझ्याकडे न बघता अवधूतच्या पापण्या वर केल्या आणि म्हणाल्या, "फवारणी ना? बाटली आणली?"

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

कोकिळेने पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून दिल्या. "वॉर्डात घ्या," बाई म्हणाल्या. "जागा करा तिथे."

वॉर्डाचं दार उघडलं. त्यांच्या वावरात काहीतरी विपरीत, एकट्या अवधूतच्या बाबतीत घडलेलं आहे असं मी तोवर समजत होते. समोर खाटांची ओळ होती, तिच्यामागे दुसरी, आणि मधल्या वाटेत जमिनीवर गाद्या. सगळे पुरुष. मळकट बनियन, काळवंडलेले हात. काहींचे हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेले. एक जण छताकडे बघून बैलांना हाकत होता. एकाच्या डोळ्यांवर ओली पट्टी होती. प्रत्येकाच्या उशाशी एक बाई बसलेली, आणि त्या सगळ्या बायकांनी आमच्याकडे एकदाच पाहून नजर परत फिरवली. नवीन काही दिसल्यासारखं एकीलाही वाटलं नाही.

मी घाटंजीत राहते. रोज वर्गात पोरांच्या पुढे उभी राहते. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी पऱ्हाटी आहे. लाखो किलोमीटरवरून येणारा ट्रकएवढा दगड मी बुधवारीच मोजला होता.

"यांचे हात काहून बांधले?" कोकिळेने विचारलं.

"औषधानेच भ्रम होतो," परिचारिका म्हणाल्या. "मग सुया उपटतात. घाबरू नका, तुमच्याही माणसाचे बांधू."

डॉक्टरीणबाई इंजेक्शन द्यायच्या, टॉर्चने बाहुल्या बघायच्या, छाती ऐकायच्या, पुन्हा इंजेक्शन द्यायच्या. बाहुल्या उघडायला लागल्या आणि छातीतली घरघर कमी झाली म्हणजे औषध लागू पडलं, एवढं त्यांनी मला सांगितलं. टक्के त्यांनीही सांगितले नाहीत. कोकिळा त्याचा पाय धरून बसली होती. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. मोहरी. मोहरी. मग ज्वारीच्या दाण्याएवढी वाटली, पण मला वाटतं म्हणून वाटली असेल, असं म्हणून मी डोळे मिटले, काही वेळाने उघडले आणि पुन्हा पाहिलं. ज्वारीच होती.

तो दोन दिवस भ्रमात होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा हात सोडलेले होते आणि तो उशीला टेकून बसला होता. औषधाने बाहुल्या आता इतक्या मोठ्या होत्या की खिडकीच्या उजेडाने त्याच्या डोळ्यांना पाणी येत होतं.

"आपटला?" त्याने विचारलं.

"नाही. बाजूने गेला. सोमवारच्या मापांत शून्य आलं."

"म्हणजे आपलं काई हुकलं नाई," तो म्हणाला. मग कोकिळेकडे वळला. "अर्ध्या वावराचा फवारा राह्यला होता. कोणी मारला?"

कोकिळा खाली बघून डब्याचं झाकण लावत राहिली. ते आधीच लागलेलं होतं.

"कोणी मारला म्हणतो मी?"

"बाबानं म्हटलं होतं, अळी काई थांबत नाई म्हणून," ती म्हणाली. "फोन उचलूनच नाई राह्यले सकाळपासून."

अवधूत खाटेवरून उतरायला लागला. त्याचे पाय जमिनीवर टेकले आणि वाकले. आम्ही दोघींनी त्याला धरून पुन्हा बसवलं. "मी जाते," मी म्हणाले. "तू हलू नकोस. मी जाते."

भीमसिंगाच्या जीपमधून मी वावरात पोहोचले तेव्हा उन्हं चढली होती. मारोतराव बांधावर बसून भाकर खात होते. पंप शेजारी होता. तोच पंप.

"काका, फवारा मारला?"

"चार ओळी मारल्या सकाळून. बाकीची मारतो आता. अवधूत कसा हाय?"

"बरा आहे. वर बघा जरा."

त्यांनी वर पाहिलं. बाहुल्या अगदी बारीक होत्या. मग लक्षात आलं, भर उन्हात कोणाच्याही बारीकच असतात. माझ्याही असतील. इथे बघून काही कळणार नव्हतं.

मी त्यांना वावरातल्या खोलीत नेलं, जिथे ते कापूस साठवतात. दार लावलं, फटीत पोतं कोंबलं. आम्ही दोघे अंधारात उभे राहिलो. बियाण्याचा आणि औषधाचा वास होता.

"बाई, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"थांबा जरा. बोलू नका."

पुरेसा वेळ गेल्यावर मी टॉर्च बाजूने लावला. बाहुल्या मोठ्या होत्या. दोन्ही. टॉर्च जवळ नेला तशा आकसल्या, दूर नेला तशा उघडल्या.

"बरोबर आहेत," मी म्हणाले. "डोळे बरोबर आहेत तुमचे."

"मंग झालं," मारोतराव म्हणाले. "मंग मारतो ना मी बाकीचं."

"काय?"

"तुमीच तं म्हटलं, बरोबर हाय म्हणून."

"काका, बरोबर आहेत म्हणजे अजून काही झालेलं नाही. एवढंच."

"मी बी तेच म्हणून राह्यलो. झालं नाई."

त्यांनी दार उघडलं. उजेडाने मला क्षणभर काही दिसलं नाही. मग दिसलं, बाहेर दोघे उभे होते. शेजारच्या वावरातले किसनराव, आणि भीमसिंगाचा भाऊ उत्तमसिंग. दोघांच्या पाठीवर भरलेले पंप. किसनरावांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"भीमसिंगानं सांगतलं, बाई डोळे पाहून सांगतात," ते म्हणाले. "आमचेई पाहून द्या. मंग आमी लागतो कामाले."

उत्तमसिंग तर आधीच खोलीत शिरला होता आणि अंधारात डोळे ताणून माझ्यासमोर उभा राहिला होता, दवाखान्यात पोरं उभी राहतात तसा. पंप त्याने उतरवला नव्हता. नळीच्या तोंडाशी औषधाचा थेंब जमून त्याच्या उघड्या पावलावर पडत होता.

शब्द जुळवायला मी वेळ लावते, वर्गातही लावते. मी रुमाल हाताभोवती गुंडाळला, खाली बसले आणि त्याच्या नळीचं पुढचं तोंड पिळून काढलं. नोझल. मग बाहेर येऊन किसनरावांच्या पंपाचं काढलं. मग मारोतरावांच्या. तीन नोझल रुमालात बांधून मी मुठीत धरले. तिघेही माझ्याकडे बघत होते. सुशिक्षित बाईने भर वावरात चोरी करावी, असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. मीही केलं नव्हतं.

मारोतराव सगळ्यांत आधी सावरले.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, मला वाईट वाटू नये अशा बेताने, "हे तं घाटंजीत कोणत्याई दुकानात भेटते."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्ही आधी जीपमध्ये बसा. अवधूत खाटेवरून उतरायला निघालाय."

ते पंपाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी भाकरीचं फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि जीपकडे चालू लागले. किसनराव आणि उत्तमसिंग अजून दाराशीच होते, पाठीवर पंप घेऊन.